अस्तर

रविवारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं की
मुजीबच्या भावाचं कटिंगचं टेबल आमचं.
कात्री, इस्त्री, हनीफभाईंची टेप एका कडेला सारून
बसवंत पुस्तकं मांडतो,
सोयरीक जमवायला फोटो मांडावेत तशी.

पहिलं जाड. तीनशे अठरा पानं, स्पायरल बाइंडिंग,
नांदेडला झेरॉक्स काढलेलं, म्हणून सगळे ड्रॅगन करडे.
बर्फात माणूस किती तग धरतो, याला अडीच पानं.
धम्मशील वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला;
त्याला हेच हवं. कलम, पोटकलम, अपवाद.
"नियम नसला की ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो,"
तो म्हणतो, आणि हे तो खेळाबद्दल बोलत नाहीये
हे आम्हा सगळ्यांना कळतं.

दुसरं बारीक. चोवीस पानं, दोन पिना.
शेवटचं पान कोरं, वर एवढंच:
इथे तुमचा नियम लिहा.
"हे पुस्तक आहे की आहेराची वही?" बसवंत म्हणतो.

या वेळी खेळ मी चालवणार.
आधी चालवायचा तो विश्वंभर जूनमध्ये पुण्याला गेला, नोकरीला,
आम्हाला एका दारापाशी उभं करून.
दारामागे काय होतं ते अजून सांगितलेलं नाही त्यानं.
वीस बाजूंचा फासाही त्याच्याच खिशात गेला.
म्हणून आता स्टीलच्या पेल्यात वीस चिठ्ठ्या
आणि जीव मोजायला चिंचोके.

जाड पुस्तकात एक ओळ सापडली:
या जगात सगळ्यांना एक सामाईक भाषा येते.
मुजीब हसला. "हौ, मगर किसकी?"
उदगीरच्या बाजारात तो घासाघीस करतो दख्खनीत,
बसवंतची आई ओव्याच्या पुड्या कन्नडात मोजते,
देगलूरहून येणारा सूतवाला तेलुगूत चिडतो,
आणि लॅबमध्ये मी मराठीत रिपोर्ट समजावते तेव्हा
लोक आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतात.
सामाईक तेवढंच.

मग जग कोणतं?
बसवंतला किल्ला हवा. "आहे की, बाहेर जाऊन बघ."
तसा नाही म्हणाला, उडणारा.
धम्मशीलला असं राज्य, जिथे सिंहासन आहे, राजा नाही.
मुजीबला समुद्र. त्यानं पाहिलेला नाही.
मी शिंप्याचा खडू उचलला
आणि टेबलावर पसरलेल्या काळ्या अस्तरावर
किनारा काढला, किल्ला दोऱ्याला बांधून वर सोडला,
मधे सात गावं, एक रिकामी खुर्ची.
अंतर टेपनं: दीड इंच म्हणजे एका दिवसाची चाल.
साडेअकरा वाजले. पुस्तक ठरलंच नाही.

पुढच्या रविवारी अस्तर नव्हतं.
हनीफभाई दातात सुई धरून म्हणाले, "वो? कट गया."
लग्नसराई. शेरवान्या अकरा.
"खडू अंदर की बाजू है, किसकू दिसता?"

किल्ला कुणाच्या पाठीवर, सात गावं कुणाकुणाच्या बाह्यांत.
या घटकेला निलंग्यात एखादा नवरदेव
रिकाम्या सिंहासनाला टेकून फोटो काढत असेल.

धम्मशील पहिल्यांदाच काही बोलला नाही.
बसवंतनं जाड पुस्तक पिशवीत घातलं, बंद मात्र लावले नाहीत.
मी बारीक पुस्तक उलटं केलं, कोऱ्या पानावर लिहिलं:

नियम पहिला. देश शिवला गेला आहे
अकरा माणसांच्या आत. त्यांना माहीत नाही.
नियम दुसरा. भाषा कळली नाही तर चिठ्ठी काढा.
आकडा लहान आला तर चुकीचं कळेल.
तेच खरं धरून पुढे चला.

"और समंदर?" मुजीबनं विचारलं.
मी पेला हलवून त्याच्यापुढे केला.
"कुणाच्या तरी काखेत आहे.
घाम आला की कळेल."